बोट लागलेल्याला नुसतं झोपवून भागत नाही

बोट लागली, म्हणजे समुद्रात बोटीच्या हेलकाव्यांनी मळमळून उलट्या सुरू झाल्या, की 'आल्याचा तुकडा चघळायला द्या, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं' असं सांगितलं जातं, ते बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण गोवा ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल अशा लांबच्या सागरी टप्प्यात ते दोन-तीन दिवस निभावणं हेच खरं काम.

पाणी घटाघटा दिलं की सगळं बाहेर. ओआरएस चमच्या-चमच्याने, पाच-दहा मिनिटांनी द्या आणि लघवी कमी किंवा गडद होतेय का ते स्पष्ट विचारा, लाजू नका. सिनारिझिन, प्रोमेथॅझिनसारख्या बोट लागू नये म्हणूनच्या गोळ्या निघण्याआधीच घ्यायच्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. प्रोमेथॅझिनने झोप येते, म्हणून त्या माणसाला एकट्याला रात्रीची वॉच (बोटीवरची पहाऱ्याची पाळी) नको. शिवाय रक्तदाबाची किंवा फिटची रोजची गोळीही उलटीतून जाते, हे हमखास विसरलं जातं.

कठड्यावर वाकून उलटी करू देऊ नका. बादली द्या, हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा) अडकवलेलाच ठेवा. गलितगात्र माणूस कधी तोल जाऊन पाण्यात पडेल, सांगता येत नाही.

जमलं तर सुकाणूवर बसवा, नजर क्षितिजावर. नाहीतर बोटीच्या मध्यभागी, खालच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) डोळे मिटून आडवं. खाली बसून चार्ट (समुद्राचा नकाशा) बघणं, फोडणी देणं, डिझेलच्या वासात इंजिनाशी खटपट करणं पूर्ण बंद.

आणि चिडवू नका हो, ब्रिटिश नौसेनानी नेल्सनलाही बोट लागायची!

मात्र दिवसभर घोटभरही पाणी टिकलं नाही किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर वाट बघू नका. सॅटेलाइट फोनवरून डॉक्टर गाठा आणि जवळच्या बंदराकडे वळा.