पेशीपटलाचा आकार बदलण्यात लिपिडांच्या मांडणीचा वाटा किती?

प्रश्न

पेशीपटल प्रवाही असते आणि त्यातील लिपिड (चरबीसारखे) रेणू सतत जागा बदलत असतात. मग त्यांची विशिष्ट मांडणी टिकते कशी, आणि तिच्यामुळे पटलाला बाक येतो किंवा त्यातून पुटिका (पटलाची छोटी गोल पिशवी) सुटते, हे म्हणणे कितपत बरोबर आहे? हे काम प्रथिनांचे असावे, असा माझा समज आहे.

पहिले उत्तर

पटल लिपिडांच्या दोन थरांचे असते; लिपिडाने आपल्याच थरात सरकणे आणि एका थरातून दुसऱ्या थरात जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. सरकणे अतिशय जलद असते. थर बदलताना मात्र फॉस्फोलिपिडाचे (पटलातील मुख्य लिपिडाचे) जलस्नेही डोके पटलाच्या तेलकट गाभ्यातून पार जावे लागते, त्यामुळे विकरांची (एन्झाइमांची) मदत नसेल तर त्याला कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. तांबड्या रक्तपेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हे ऋणभारित लिपिड जवळजवळ सगळे आतल्या थरात असते, आणि ही विषमता राखण्यासाठी लिपिडांना आतल्या थरात पलटवणारी फ्लिपेज विकरे एटीपी (पेशीतील ऊर्जेचा रेणू) खर्च करतात.

दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे एकाचे क्षेत्रफळ किंचित जरी वाढले, तरी पटल त्या बाजूला फुगते. शीट्झ आणि सिंगर यांनी १९७४ मध्ये हाच विचार मांडला. लायसोलेसिथिन हे एकच शेपटी असलेले लिपिड बाहेरच्या थरात शिरून तिथेच राहते आणि तांबडी पेशी काटेरी होते. क्लोरप्रोमाझिन हे औषध मात्र आतल्या, ऋणभारित थराकडे ओढले जाते आणि तीच पेशी खोलगट होते. दोन्ही वेळा प्रथिने तीच असतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मान्य आहे, परंतु लहान पुटिकेचा हिशेब वेगळा पडतो. पटलाची जाडी ४ नॅनोमीटर धरली, तर ५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकेचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी मोठा असतो. शिवाय हेल्फ्रिश यांच्या १९७३ च्या सिद्धांतानुसार, दोन्ही थर सारखे असलेले सपाट पटल वाकवून पूर्ण गोल करण्यास लागणारी ऊर्जा गोलाच्या आकारमानावर अवलंबून नसते; नेहमीच्या लिपिडांसाठी ती औष्णिक ऊर्जेच्या (केटी, म्हणजे उष्णतेमुळे रेणूला सहज मिळणारी ऊर्जा) जवळपास ५०० पट भरते. एवढी ऊर्जा आपोआप मिळत नाही, म्हणून पटलावर जाळी बांधून त्याला वाकवणाऱ्या क्लॅथ्रिनसारख्या प्रथिनांची गरज लागते. लिपिडांच्या अनुकूल मांडणीमुळे त्यांचे काम हलके होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

प्रश्नकर्ता

कोलेस्टेरॉल तर एका थरातून दुसऱ्यात सहज जाते, असे वाचले आहे. मग ते दोन थरांतील क्षेत्रफळाच्या फरकाचा हा ताण नाहीसा करत नाही का?

पहिले उत्तर देणारे

काही अंशी करते. त्याचे डोके म्हणजे केवळ एक हायड्रॉक्सिल गट असल्याने ते लवकर पलटते आणि क्षेत्रफळांतील तफावत कमी करते. पण स्फिंगोमायेलिन या दुसऱ्या लिपिडासोबत तेच कोलेस्टेरॉल दाट, सुव्यवस्थित पट्टे तयार करते. अशा पट्ट्याच्या कडेला ऊर्जा खर्च होते, आणि पट्टा पुरेसा मोठा झाला की कडेची लांबी कमी करण्यासाठी तो सपाट न राहता कोंबासारखा बाहेर येतो. केवळ लिपिडांपासून बनवलेल्या मोठ्या कृत्रिम पुटिकांमध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसते.