कर्वेनगर ते शिवाजीनगर रोज जायला साधी सायकल कोणती घ्यावी?

कर्वेनगरकरीण
नमस्कार मंडळी. घर कर्वेनगरला, ऑफिस शिवाजीनगरला. कर्वे रोड, डेक्कन, जंगली महाराज रोड असा रस्ता. बसच्या गर्दीचा कंटाळा आलाय आणि शाळेत असताना सायकल चालवायचे, ती पुन्हा सुरू करायची फार इच्छा आहे. अंगात पंजाबी ड्रेस, सोबत डबा आणि बऱ्यापैकी जड बॅग. दुकानात गेलं की २१ गिअर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, अशीच सायकल पुढे करतात. पावसाळ्यातही चालवणार आहे. बजेट बारा-पंधरा हजार. काय बघून घेऊ?

रोजचा_सायकलवाला
गिअरची घ्या, पण २१ नकोत. मागे ७ असले की शहरात भागतं. पुढचे तीन गिअर माझ्या ओळखीतलं कुणीच वापरत नाही.

पाना_पकड
ताई, माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. शॉकअपवाली घेऊ नका, कळकळीने सांगतो. या किमतीत शॉकअप म्हणजे एक स्प्रिंग आणि बरंचसं लोखंड. चढावर जोर लावलात की पुढचा भाग खाली-वर होतो आणि तुमची ताकद त्यातच जाते. खड्ड्यांसाठी टायर जरा रुंद घ्या. टायरच्या बाजूला ७०० x ३५ किंवा ३८ छापलेलं बघा. नक्षी बारीक हवी. मोठ्या गोट्यांचा टायर डांबरावर घुमतो आणि सायकल जड चालते.

पावसाळ्यात चालवणार म्हणालात, तर रिम नीट तपासा. चकचकीत स्टीलची रिम भिजली की ब्रेकचं रबर घसरतं आणि सायकल वेळेवर थांबत नाही. अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर कितीतरी चांगलं धरतं. दुकानात जाताना लोहचुंबक घेऊन जा. स्टीलला चिकटेल, अलॉयला नाही. डिस्क ब्रेक पावसात चांगलाच, पण स्वस्तातली डिस्क पार्किंगच्या दाटीत धक्का लागून वाकते आणि मग रोज घासत राहते.

आडवा दांडा नसलेली फ्रेम, पूर्ण चेनकव्हर आणि दोन्ही चाकांना लांब मडगार्ड घ्या. ओढणी आणि सलवार दोन्ही वाचतील. मागच्या चाकाच्या नटाजवळ फ्रेमला कॅरिअरसाठी भोकं आहेत ना, ते विचारू नका, बोट लावून बघा. जड बॅग पाठीवर घेऊन रोज जाऊ नये, ती कॅरिअरवरच हवी.

कर्वेनगरकरीण
काका, किती नीट सांगितलंत! बिनगिअरची घेतली तर चालेल का? देखभाल कमी हवी आहे.

पाना_पकड
तुमच्या रस्त्याला चालेल. नळ स्टॉपला उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. फक्त मागचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते मागच्या चाकाचं दातेरी चक्र, बघा. साध्या सायकलला बहुतेक १८ दात असतात. जड वाटलं तर २० किंवा २२ दातांचं बसवून घ्या, काम अर्ध्या तासाचं. वेग थोडा कमी होतो, पण गुडघ्यांना आराम पडतो. आणि सीट उंच ठेवा. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्याकडे बायका फार खाली बसून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून देतात.

रोजचा_सायकलवाला
ट्यूबचा, हवा भरायचा व्हॉल्व्हपण बघा. मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते.