काखेतले केसतूड दाबायचे की शेकायचे?

बी-५०३ : या ग्रुपवर असा विषय काढताना संकोच वाटतो, परंतु आपल्या इमारतीत ए-२०२ मध्ये सिस्टरताई आहेत म्हणून विचारतो. चार दिवसांपूर्वी उजव्या काखेत, केसाच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा लाल फोड आला होता. आज तो वाटाण्याएवढा झाला असून त्याला मधोमध पिवळे टोक आले आहे. सकाळी लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला तर डोळ्यांत पाणी आले आणि डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत डाव्या हाताने लोंबकळत गेलो. हे टोक सुईने फोडून पू काढून टाकावा का?

सी-१०१ : अहो, ही तर काखमांजरी. आमच्या माहेरी जवसाचे गरम पोटीस बांधत आणि दोन दिवसांत ती फुटत असे. उष्णतेने होते ते, सब्जाचे पाणी घ्या.

ए-२०२ : बी-५०३, कृपया सुई लावू नका आणि दाबूही नका. बाहेरून दाबल्यावर पू जितका बाहेर येतो, त्याहून अधिक आत पसरण्याची भीती असते आणि वाटाण्याचे लिंबू होते. सी-१०१ मधल्या आजींच्या पोटिसातला खरा गुण शेकाचा होता, त्यामुळे त्या चुकीचे सांगत नाहीत. फक्त जवस शिजवण्याच्या खटाटोपाची आज गरज नाही. स्वच्छ सुती फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, दहा ते पंधरा मिनिटे काखेत धरावे आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. सब्जा हवा तर प्या, पण हा आजार पोटातल्या उष्णतेचा नाही. त्वचेवर एरवी निमूट राहणारे स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू केसाच्या मुळाशी शिरले की तेथे पू होतो. ऑक्टोबरचा घाम, घट्ट बाही आणि दाढीच्या पात्याने पडलेले न दिसणारे ओरखडे, एवढे त्यांना पुरते. आता खरे सांगा, काखेतले केस कशाने काढता?

बी-५०३ : रेझरने, कोरडेच, आणि उलट्या दिशेने. रेझर गणपतीच्या आधीचा आहे.

ए-२०२ : मग कारण सापडले. केसतूड पूर्ण बरे होईपर्यंत तेथे रेझर, वॅक्स आणि डिओडरंट तिन्ही बंद ठेवा. पुढेही काढायचेच असतील तर आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर, साबणाचा फेस लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने काढा. नाहीतर कात्रीने बारीक करणे सर्वांत सुरक्षित.

बी-३०१ : आमच्याकडे नायट्यासाठी आणलेली एक ट्यूब उरली आहे. औषधवाल्याने ‘सगळ्यावर चालते’ असे सांगून दिली होती. ती पाठवू का?

ए-२०२ : अजिबात नको. ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ बहुतेक ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवस दबते, पण आतला संसर्ग वाढतो, शिवाय काखेची कातडी आधीच नाजूक असल्याने ती पातळ होऊन तिच्यावर कायमचे चट्टे पडतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशा यादीत घातली, तरीही ती मागितल्याबरोबर मिळतात, हे मी रोज पाहते. केसांच्या मुळाशी नुसत्या बारीक पुळ्या असतील तर स्वच्छता आणि शेक बहुधा पुरतो. त्या न ओसरल्या तर डॉक्टर म्युपिरोसिनचे मलम देतात. मोठ्या, पू धरलेल्या गळवाला मात्र मलमाचा उपयोग होत नाही, ते डॉक्टरांनी भूल देऊन छेद घेऊनच रिकामे करावे लागते. ताप आला, लाली पसरू लागली किंवा दोन-तीन दिवस शेकूनही दुखणे वाढत राहिले, तर वाट पाहू नका. मधुमेह असणाऱ्यांनी तर सुरुवातीलाच दाखवावे. आणि ज्यांनी साखर कधी तपासलेली नाही, त्यांना वारंवार गळवे होत असतील तर तीही तपासून घ्यावी.

ए-४०४ : ताई, हे लिहू की नको असा विचार करत होते. मला गेली सहा वर्षे दोन्ही काखांत अशी गळवे येतात, कधी जांघेतही. एक बसते तोवर शेजारी दुसरे उठते. तीन वेळा गोळ्यांचा कोर्स झाला. मी अस्वच्छ राहते असे सासूबाईंना वाटते.

ए-२०२ : ताई, तुमची गोष्ट बी-५०३ यांच्यापेक्षा वेगळी दिसते. काखेत शेजारी-शेजारी जोडीने काळे ठिपके दिसतात का? आणि जुन्या व्रणांखाली दोरीसारखे कडक काही हाताला लागते का?

ए-४०४ : दोन्ही आहे. एका जागेतून अधूनमधून पाणी येते आणि कपड्याला वास लागतो.

ए-२०२ : मग त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन ‘हायड्राडेनायटिस सपुराटिवा’ आहे का, असे स्पष्ट विचारा. नावात घामाच्या ग्रंथी आहेत, परंतु सुरुवात केसाचे मूळ बुजण्यापासून होते असे आता मानले जाते. हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि संसर्गजन्यही नाही, हे सासूबाईंना माझा निरोप म्हणून सांगा. दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन तो आटोक्यात येत नाही. त्याचे उपचार अनेक महिने चालतात, आणि लवकर सुरू झाले तर कातडीखालचे बोगदे वाढणे पुष्कळ रोखता येते. वजन आणि धूम्रपान यांनी तो बळावतो. निघण्यापूर्वी गळवे कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूला आणि पाळीच्या आधी येतात का, हे कागदावर लिहून घ्या. आणखी एक गोष्ट सर्वांसाठी : काखेतली गाठ लाल नाही, दुखत नाही, पण कडक आहे आणि काही आठवडे तशीच राहिली आहे, तर ती केसतूड समजून शेकत बसू नका, तपासून घ्या.

बी-५०३ : काल रात्रीच्या शेकानंतर ते आपोआप फुटले, आणि आज दोन्ही हात वर करून प्रवास केला. पुढे काय करू?

ए-२०२ : उरलेला पू पिळू नका. साबण-पाण्याने धुऊन कोरडे करा, वर गॉज ठेवा, ओले झाले की बदला आणि प्रत्येक वेळी हात धुवा. टॉवेल आठवडाभर वेगळा ठेवा, तो गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. तो रेझर टाकून द्या.

बी-५०३ : टाकला. ओल्या कचऱ्यात गेला की सुक्या, ते आठवत नाही.

सचिव : साहेब, खाली जाऊन तो बाहेर काढा. पाते जाड कागदात गुंडाळून, वर ‘ब्लेड’ असे लिहून वेगळे द्यायचे आहे. मागच्याच महिन्यात आपल्या सफाईवाल्या मावशींचा अंगठा कापला होता.