पोटाची तपासणी: ‘आतड्यांचे आवाज नाहीत’ असे केव्हा लिहावे?

कोवळी पालवी (बी.एस्सी. नर्सिंग, तृतीय वर्ष)

नमस्कार. सिझेरियन होऊन अठरा तास झालेल्या एका रुग्णेचे पोट तपासण्याचे काम मागच्या आठवड्यात माझ्याकडे होते. पोट थोडे फुगलेले दिसत होते, म्हणून मी आधी हाताने चाचपून पाहिले आणि मग बेंबीशेजारी स्टेथोस्कोप ठेवून साधारण अर्धा मिनिट ऐकले. काहीच ऐकू आले नाही, तेव्हा केसपेपरवर ‘आतड्यांचे आवाज नाहीत’ अशी नोंद केली. ती वाचून राउंडच्या डॉक्टरांनी तोंडाने पाणी देणे थांबवले. दुपारच्या पाळीतील सिस्टरांनी पुन्हा ऐकले, तर आवाज व्यवस्थित येत होते. तोपर्यंत बाळाला पाजत असलेली ती बाई घोटभर पाण्यासाठी विनवत होती, हे माझ्या मनातून जात नाही.

पुस्तकातील क्रम मला पाठ आहे, पण वॉर्डात तो पाळताना कोणी फारसे दिसत नाही. नेमके किती वेळ ऐकावे, कोठे ऐकावे, आणि आवाज आले नाहीत तर त्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, हे अनुभवी ताईंनी कृपया सांगावे.

रातपाळी (सर्जिकल वॉर्ड, २२ वर्षे)

तुम्ही चूक लपवली नाही, हे चांगले केले. आता क्रमाविषयी. इतर अवयव तपासताना आपण बघतो, चाचपतो, ठोकतो आणि शेवटी ऐकतो. पोटाच्या बाबतीत मात्र बघून झाल्याबरोबर ऐकायचे असते, कारण दाबल्याने आणि ठोकल्याने आतड्यांची हालचाल बदलते आणि मग जे ऐकू येते ते रुग्णाचे खरे चित्र असेलच असे नाही. शिवाय दुखणाऱ्या पोटावर आधीच हात पडला, तर रुग्ण पोट आवळून धरतो आणि पुढची सगळी तपासणी अवघड होते.

ऐकण्यासाठी स्टेथोस्कोपची सपाट बाजू तळहातावर घासून कोमट करावी, हलकेच टेकवावी, बेंबीतून उभी-आडवी रेघ धरून पोटाचे चार भाग मानावेत आणि उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करावी, कारण लहान आतडे मोठ्या आतड्याला तेथे मिळते आणि आवाज बहुधा तेथे लवकर सापडतात. सर्वसाधारणपणे मिनिटाला ५ ते ३० आवाज येतात, पण ते सारख्या अंतराने येत नाहीत. मध्ये बराच वेळ शांतता असू शकते, म्हणूनच पूर्ण ५ मिनिटे ऐकल्याशिवाय ‘नाहीत’ हा शब्द लिहू नये. रुग्णाला राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) असून ती सक्शनला, म्हणजे ओढून घेणाऱ्या यंत्राला, जोडलेली असेल, तर ऐकण्यापुरते सक्शन बंद ठेवावे, नाहीतर त्याचाच आवाज पोटातला वाटतो. ऐकून झाल्यावर ते पुन्हा सुरू करण्यास मात्र विसरू नये.

बाळंतिणीच्या पोटाबाबत आणखी एक गोष्ट आहे. बेंबीच्या आसपास हाताला लागणारा कठीण गोळा म्हणजे बहुतेक वेळा आकुंचन पावलेला गर्भाशय असतो, तो आतड्याचा फुगवटा समजू नये. कॅथेटर (लघवीची नळी) काढलेला असेल आणि लघवी तुंबली असेल, तर हाच गर्भाशय वर आणि बहुधा उजवीकडे सरकतो, आणि ओटीपोटावर ठोकल्यावर बद्द आवाज येतो. त्यामुळे पोट फुगले आहे असे लिहिण्याआधी तिला शेवटची लघवी केव्हा झाली ते विचारावे.

शिक्षिका (नर्सिंग महाविद्यालय)

रातपाळी ताईंचे सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु प्रश्नाच्या शेवटच्या भागाबद्दल मला अधिक ठामपणे लिहावेसे वाटते. शस्त्रक्रियेनंतर आतड्यांचे काम सुरू झाले की नाही, हे ठरवण्यासाठी केवळ आवाजांवर विसंबणे योग्य नाही. साधारणपणे लहान आतडे शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच हालू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांनी पूर्ववत होते. म्हणजे लहान आतड्याची गुडगुड ऐकू येत असतानाही मोठे आतडे अजून थंड असू शकते, आणि उलट आवाज क्षीण असतानाही रुग्ण पाणी सहज पचवू शकतो. वारा सरला का, मळमळ किंवा उलटी आहे का, पोट वाढते आहे का आणि घोट-दोन घोट पाणी टिकते का, या चार प्रश्नांची उत्तरे मला स्टेथोस्कोपपेक्षा मोलाची वाटतात. आपल्याकडे अनेक बायका ‘गॅस पास झाला का’ या प्रश्नाला लाजून मान हलवतात आणि आपण तोच होकार समजतो. पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर पाठवून, हळू आवाजात ‘वारं सरलं का बाई?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते.

पोट वाढते आहे हे नुसत्या नजरेने सांगणेही धोक्याचे आहे. बेंबीच्या पातळीवर दोन्ही कुशींवर पेनाने खूण करावी आणि प्रत्येक पाळीत रुग्णाला उताणे झोपवून, श्वास सोडल्यावर, त्याच खुणांवरून टेप फिरवावी. खुणा नसतील, तर सकाळचे ९२ सेंटिमीटर आणि संध्याकाळचे ९५ सेंटिमीटर यांतला फरक पोटाचा की टेपचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

स्पर्शपरीक्षण, म्हणजे हाताने चाचपणे, सर्वांत शेवटी करावे. लघवी करून आलेल्या रुग्णाचे गुडघे दुमडून घ्यावेत, दुखणारी जागा आधी विचारून ती शेवटी तपासावी आणि नजर पोटावर नव्हे, चेहऱ्यावर ठेवावी. पोटात धडधडणारा गोळा दिसला तर खोल दाबू नये. लहान मुलात मूत्रपिंडाच्या गाठीचा संशय असेल तरी पोट दाबू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे.

पायवाट (ग्रामीण रुग्णालय, विदर्भ)

निरीक्षणाचा भाग येथे थोडक्यात उरकला गेला, म्हणून लिहिते. पदर आणि परकराचा नाडा पूर्ण सैल केल्याशिवाय पोट दिसत नाही, आणि कमरेवरचा घट्ट नाड्याचा वळ हर्नियाचा फुगवटा झाकू शकतो. आमच्याकडे मेळघाटातून येणाऱ्या काही तान्ह्या बाळांच्या पोटावर ‘डंभा’ दिल्याचे, म्हणजे पोटफुगीवर उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाने दिलेले डाग असतात. ते ताजे आहेत की जुने, त्यांत पू आहे का, हे आईला न रागावता पाहावे आणि नोंदवावे. ती रागावणीला घाबरली, तर पुढच्या आजारात बाळाला उशिरा आणेल.

आणखी एक अनुभव सांगते. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यातील एका मुलाचा ताप अचानक उतरला, म्हणून घरचे समाधानी होते, पण नाडी मात्र वाढत होती आणि तो पाय पोटाशी घेऊन निश्चल पडला होता. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर, जेथे यकृतामुळे बद्द आवाज यायला हवा, तेथे ठोकल्यावर पोकळ आवाज आला. आतड्याला छिद्र पडून हवा बाहेर आली की असे होते. आम्ही त्याला तोंडाने काहीही न देता, सलाइन लावून ताबडतोब जिल्हा रुग्णालयात पाठवले.

कोवळी पालवी

सर्वांचे मनापासून आभार. मग त्या दिवशी माझी नोंद कशी असायला हवी होती?

रातपाळी

साधारण अशी: ‘सकाळी १०.१५. पोट किंचित फुगलेले, मऊ. घेर खुणेवर ९१ सेंटिमीटर. चारही भागांत मिळून २ मिनिटे ऐकले, आवाज क्षीण, संख्या ४. वारा अद्याप सरलेला नाही. मळमळ, उलटी नाही. पाण्याचे घोट टिकतात. सकाळी ९ वाजता लघवी झाली. गर्भाशय घट्ट, बेंबीखाली एक बोट. ११ वाजता पुन्हा तपासणार.’ आणि ११ वाजता खरोखर जावे.