शब्दचर्चा: ‘प्रीएम्प्टिव्ह अ‍ॅनाल्जेसिया’ला मराठीत काय म्हणावे?

मणक्याच्या ऑपरेशनचे माहितीपत्रक मराठीत करते आहे. छेद घेण्याआधीच वेदनाशामक सुरू करतात, त्याला ‘पूर्ववेदनाशमन’ लिहिले. वाचणाऱ्यांना वाटले, जुनी पाठदुखी घालवणार. दुसरा शब्द सुचवा.

> वाटणारच. समास ‘पूर्ववेदना’ + ‘शमन’ असा फुटतो. ‘आगाऊ वेदनाशमन’ कसे? आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण हे रुळलेले आहे. (आगाऊ कार्ट्याची आठवण होईल, त्याला इलाज नाही.)

> शमन तरी कशाचे? जे उठलेच नाही ते शमवणार कसे? आणि भूल देणारच आहेत, तर गोळी कशाला?

> मी भूलतज्ज्ञ आहे. भूल आणि वेदनाशमन एक नव्हे. गाढ भुलेत रुग्णाला काही कळत नाही, पण कापलेल्या जागेच्या नसा मज्जारज्जूकडे संदेश धाडतच असतात. त्या माऱ्याने तिथल्या चेतापेशी हळव्या होतात. मग शुद्धीवर आल्यावर नुसते कुशीवर वळले तरी कळ येते. हा हळवेपणा वेदना-संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवला. पॅट्रिक वॉल यांनी १९८८ मध्ये त्याचा धागा ऑपरेशननंतरच्या दुखण्याशी जोडला. म्हणून आधी पॅरासिटामॉल, सेलेकॉक्सिब (सूज आणि दुखणे कमी करणारे), कधी प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचे). हेतू हा की नंतर मॉर्फिनसारखी औषधे कमी लागावीत, रुग्ण लवकर उठून चालावा.
पण ‘आगाऊ’ला माझा विरोध आहे. तेच औषध छेदाआधी आणि छेदानंतर देऊन तुलना केली, तर बऱ्याच चाचण्यांत फारसा फरक पडला नाही. त्यामुळे आता आधी, ऑपरेशन चालू असताना आणि पुढचे काही दिवस असे सलग वेदनाशमन करण्यावर भर असतो. त्याला ‘वेदनाप्रतिबंध’ म्हणा.

> शीर्षकाला ठीक. आत मात्र ‘दुखण्याची गोळी’च लिहा. तापाची गोळी, तशी दुखण्याची. वॉर्डात ‘वेदनाशामक’ कोण म्हणतो?

> घेतले. शीर्षक ‘वेदनाप्रतिबंध’, खाली: ‘दुखू नये म्हणून ऑपरेशनच्या आधीच दुखण्याची गोळी सुरू करतात.’

> प्रीगॅबालिनने गुंगी येते, म्हाताऱ्यांना जास्त. ‘गोळी घेतल्यावर एकट्याने उठू नये’ हेही घाला. आणि ‘भोवळ’ नको, ‘चक्कर’ लिहा.