घरविमा: सर्वेअरने लावलेला घसारा मान्य करून डिस्चार्ज व्हाउचरवर सही करावी का?

नमस्कार.

२५ जुलै २०२४ रोजी मुठेला आलेल्या पुरात सिंहगड रस्त्याजवळील आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. गृहकर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मी तोवर एकदाही वाचली नव्हती, हे आधीच कबूल करतो.

इमारतीची विमा रक्कम १५,६०,००० रुपये आहे, म्हणजे ६५० चौरस फूट चटईक्षेत्र गुणिले २,४०० रुपये बांधकाम खर्च. (जागेचा बाजारभाव यात धरत नाहीत, हे आम्हाला पुरानंतर कळले.) घरातील सामानाला या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३,१२,००० रुपयांचे संरक्षण वेगळी यादी न देताही मिळते. इथवर तक्रार नाही.

कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेल्या सर्वेअरनी भिंतीवरची गाळाची रेघ टेपने मोजली, फुगलेल्या प्लायवूडच्या कपाटाचे दार अंगठ्याने दाबून पाहिले आणि फ्रिजचे बिल मागितले, जे त्याच कपाटात भिजून लगदा झाले होते. मी २,६४,००० रुपये मागितले होते. कंपनीने वस्तू ९ वर्षे जुन्या असल्याचे सांगून, घसारा (वापरामुळे कमी झालेली किंमत) वजा करून १,१८,००० रुपये देऊ केले. पॉलिसीत मात्र सामान नष्ट झाल्यास तशीच वस्तू नव्याने घेण्याचा खर्च देण्याची भाषा आहे, मग हा घसारा कोणत्या कलमाने लावला?

सर्वेअरला परवाना विमा नियामक देतो, पण त्यांचे शुल्क विमा कंपनी भरते, तेव्हा त्यांचा अहवाल तटस्थ मानावा की कंपनीची बाजू समजून त्याला लेखी उत्तर द्यावे, हे मला ठरवता येत नाही. अहवालाची प्रत मागण्याचा हक्क विमाधारकाला असतो, म्हणून मी ती ईमेलने मागितली आहे; त्याआधीच 'पूर्ण व अंतिम' असे छापलेले डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम मान्य असल्याची पावती, सहीसाठी आले. व्हाउचरवर सही केली म्हणून पुढे दाद मागण्याची वाट कंपनीने अडवू नये, असे नियामकाचे २०१५ चे परिपत्रक आहे, पण प्रत्यक्षात सही केल्यावर कोणाला उरलेली रक्कम मिळाली आहे का? 'आक्षेप राखून' असे लिहून सही केलेली कंपनी स्वीकारते का?

कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबल्यावर पुण्यातील विमा लोकपालांकडे वकिलाशिवाय, विनाशुल्क जाता येते, एवढी माहिती आहे. तिथे महापालिकेचा पंचनामा आणि मोबाइलवरील छायाचित्रे पुरावा म्हणून पुरतात का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

आणखी एक: ते कपाट अजून पार्किंगमध्ये उभे आहे आणि सोसायटीचे सचिव रोज हलवायला सांगतात. वाद मिटण्यापूर्वी भंगारात दिले तर चालेल का?