घोड्यावर बसता येतं म्हणून शिकवता येतं का?

खोगीरभरती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पिरंगुटच्या बाजूला एका रायडिंग स्कूलमध्ये असिस्टंट इन्स्ट्रक्टर आहे, नाव सांगत नाही कारण पगार तिथूनच येतो. अकराव्या वर्षापासून घोड्यावर आहे, ज्युनियर नॅशनल खेळलेय. तीन वर्षांपूर्वी कॉलेज संपलं तसं मालक म्हणाले सोमवारपासून लहान मुलांची बॅच तू घे. झालं, एवढंच माझं ट्रेनिंग.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. नऊ वर्षांची मुलगी, आणि रेसकोर्सवरून निवृत्त झालेली घोडी, स्वभावाने अगदी गाय. दुडकी चालीत पोरीच्या टाचा काही केल्या खाली येईनात. मी अरेनाच्या मधोमध उभी राहून चाळीस मिनिटं एकच, टाच खाली, अगं टाच खाली, ऐकू येतंय का! पोरगी रडकुंडीला आलेली, घोडीचे कान मागे, म्हणजे तीही नाराज. कुंपणापाशी आमचे एक जुने सर चहा पीत होते. ते आत आले, कोणाला काही बोलले नाहीत, रिकिबीचे (पाय ठेवायच्या कडीचे) पट्टे दोन्हीकडून दोन-दोन भोकं वर घेतले आणि परत चहाकडे गेले. रिकीब लांब होती हो! पाय पोचतच नव्हता, पोर बिचारी बोटांनी रिकीब चाचपत होती, टाच खाली येणार कुठून.

नंतर सरांनी विचारलं, तू काय बघत होतीस? मी म्हटलं टाच. ते म्हणाले मी तिची कंबर बघत होतो, आणि घोडीचे कान. पुढे दोन महिने ते माझ्या बॅचला येऊन नुसते उभे राहायचे आणि लेसननंतर दहा मिनिटं बोलायचे. त्या दोन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दहा वर्षांत नाही (शिकवण्याबद्दल म्हणतेय, रायडिंगबद्दल नाही). मग सरांचा तो तास प्रायव्हेट लेसनला लावला गेला, कारण त्याचे पैसे मिळतात आणि माझ्या बॅचला उभं राहायचे मिळत नाहीत.

तर माझं म्हणणं असंय की नव्या इन्स्ट्रक्टरला निदान एक वर्ष कुणाच्या तरी नजरेखाली शिकवायला लावल्याशिवाय एकट्याने बॅच देऊच नये. पुण्यात आता भूगावपासून वाघोलीपर्यंत जिकडेतिकडे क्लास निघालेत. तुमचं काय मत?

निवृत्त_दफादार

ताई, तुमची गोष्ट वाचली. चूक तुमच्या रायडिंगमध्येच होती, शिकवण्यात नव्हती. पक्क्या सवाराला रिकिबीची लांबी लांबूनच दिसते. आम्हाला घोडदळात उस्तादांनी चार-चार महिने बिनरिकिबीचं बसवलं, मांड्या सोलून निघाल्या, पण नंतर कोणाची बैठक कुठे बिघडलीय हे पाठीमागून बघून सांगता यायचं. हे मेंटॉर वगैरे नवीन फॅड आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडला घोडेस्वारीत तीन सुवर्णं आली, ६१ कॅव्हलरी या लष्करी घोडदळाच्या रघुबीर सिंगांनी इव्हेंटिंगचं (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि उड्या अशी तिहेरी स्पर्धा) वैयक्तिक सुवर्ण घेतलं. त्यांच्या उस्तादांना शिकवायचं कसं याचा कोर्स कोणी दिला होता? आणि ओरडण्याचं म्हणाल तर उस्तादाचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचलाच पाहिजे.

बाणेर_टू_ब्रिस्टल

दफादार साहेब, आदर ठेवून असहमत. इथे इंग्लंडात रायडिंग स्कूल चालवायला कौन्सिलचं लायसन्स लागतं, ही पद्धत १९६४ च्या कायद्यापासूनची आहे. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या कोच परीक्षेत तुम्ही किती उंच उडी मारता एवढंच बघत नाहीत, परीक्षकांसमोर खरा लेसन द्यावा लागतो आणि फर्स्ट एडचं सर्टिफिकेट लागतं. जर्मनीत तर फेर्डेविर्ट म्हणून तीन वर्षांची रीतसर उमेदवारी असते, पागेत काम करत करत शिकायचं. आणि १९८२ चं काढलंतच म्हणून, त्यानंतरचं घोडेस्वारीतलं सुवर्ण एकदम २०२३ ला हांगझोऊमध्ये आलं, ड्रेसाज (ठरलेल्या चाली घोड्याकडून नेमक्या करून घेण्याची स्पर्धा) टीमचं. म्हणजे ४१ वर्षांनी! आणि ती चारही मुलं युरोपात राहून, तिथल्या कोचच्या हाताखाली तयार झालेली. मधल्या ४१ वर्षांत उस्ताद काय कमी होते का आपल्याकडे?

निवृत्त_दफादार

घोडे कमी होते. त्या पोरांच्या बुडाखाली कोणते घोडे होते तेही सांगा की. तसा एक घोडा पुण्यात आणून दाखवा, मग कोचिंगचं बोलू.

खोगीरभरती

काका, तुमच्याकडे रंगरूट रोज पहाटे हजर, पळून जाऊन जाणार कुठे. माझ्याकडे मूल येतं आठवड्यातून दोनदा पंचेचाळीस मिनिटं, त्यातली दहा हेल्मेट शोधण्यात जातात. चार महिने बिनरिकिबीचं बसवलं तर दुसऱ्या आठवड्यात स्विमिंगला जाईल. तुमच्या पद्धतीला मी वाईट म्हणत नाहीये पण ती इथे चालायची कशी? आणि तुमचा उस्ताद रोज तुमच्यावर नजर ठेवून होता ना, मग तेच तर मी मागतेय, फक्त शिकवणाऱ्यासाठी.

तबेलावाला

मी मालक बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर. चंदी (दाणा), चारा, भुसा, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, डॉक्टर, मोतद्दारांचे (घोड्यांची निगा राखणाऱ्यांचे) पगार, आणि पावसाळ्यात अरेनाचा चिखल झाला की पंधरा पंधरा दिवस लेसन बंद, पण घोडा काही पंधरा दिवस उपाशी राहत नाही. त्यात सिनियरचा तास फुकट कुंपणापाशी उभा करायचा? केलं एकदा. एका मुलाला दीड वर्ष हाताखाली ठेवून तयार केलं, स्वतः लंजिंगपासून (लांब दोरावर घोडा गोल फिरवणं) शिकवलं, आणि तयार झाला तसा बंगळूरला गेला. दुसरी दुबईला. ट्रेनिंग माझ्या खर्चाने आणि फायदा त्यांचा. घोडं इथे पेंड खातंय, नियम करून काय होणार.

कोथरूडची_आई

मालक, तुमचं पटतंय पण माझ्या बाजूने पण बघा. मी फी भरते तेव्हा मला कोणीच सांगत नाही की समोरचा शिकवणारा गेल्या महिन्यात लागलाय. आमच्या मुलाला (शाळा नाही सांगत) तिसऱ्याच लेसनला कँटर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) करायला लावलं कारण शेजारची बॅच करत होती. पडला, मनगट मोडलं. तेही समजून घेतलं असतं, पण मनगटावर बर्फ ठेवायचा की हलवून बघायचं हेसुद्धा त्या मुलाला माहीत नव्हतं, तो पोरापेक्षा जास्त घाबरलेला. आणि डोकं आपटलेलं तेच हेल्मेट पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर! जोरात आपटलेलं हेल्मेट बाद करायचं असतं हे मला घरी येऊन कळलं, त्यांना आधी कळायला नको?

डॉ_टाप

मी घोड्यांचा डॉक्टर. धाग्यावर सगळे माणसांबद्दलच बोलताय म्हणून लिहितो. नव्या इन्स्ट्रक्टरचा सगळ्यात मोठा तोटा घोड्याला होतो, कारण मूल निदान रडून सांगतं. पुण्यात लेसनला जे घोडे असतात त्यातले कितीतरी रेसमधून आलेले थरोब्रेड. त्यांना लहानपणापासून एवढंच माहीत की लगाम ताणला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. घाबरलेलं मूल लगाम ओढतं, घोडा वेग धरतो, इन्स्ट्रक्टर ओरडतो अजून ओढ. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लंगडणंही ओळखता येत नाही बहुतेकांना. दुडकी चालीत घोड्याच्या डोक्याकडे बघायचं असतं, जो पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं तो दुखरा. पाच मिनिटांत शिकता येतं पण कोणीतरी शेजारी उभं राहून बघ, आत्ता, आत्ता वर गेलं बघ, असं दाखवावं लागतं, पुस्तकात वाचून डोळा तयार होत नाही. त्यामुळे माझं मत धागाकर्तीच्या बाजूने, फक्त मेंटॉर सवारच पाहिजे असं नाही.

मोतद्दाराचा_पोर

डॉक्टर साहेब शेवटचं वाक्य लाखातलं बोल्लात. माझे आबा तीस वर्षं मोतद्दार होते, आधी रेसकोर्सला मग एका क्लासमध्ये. पहाटे चारला खरारा (घोडा ब्रशने घासणं) सुरू. घोड्याने चंदी अर्धी सोडली की आबा सांगायचे आज ह्याला बाहेर काढू नका, आणि इन्स्ट्रक्टर बाई म्हणायच्या तुला काय कळतंय बॅच फुल आहे. आणि वाढदिवसाला मुलं आली की त्यांना फेऱ्या मारायला कोण, तर आबाच. पाठ ताठ ठेव, अयाळ धर, खाली बघू नको समोर बघ, हे शिकवणं नाही तर काय आहे? पण कोर्स म्हटला की इंग्रजी. इंटरनॅशनल फेडरेशनच्या कोचिंगला लेव्हल एक दोन तीन आहेत म्हणे, असतील, पण आबांना मराठीत कोण शिकवणार आणि फी कोण भरणार. सर्टिफिकेटचा नियम आला की पहिले हे लोक बाहेर जातील आणि इंग्रजी बोलणारी बावीस वर्षांची पोरं आत राहतील. धागाकर्ती ताईंना बोलत नाहीये, पण थोडं बोलतोय पण.

खोगीरभरती

लागलं, पण बरोबर आहे. मी वर लिहिताना "सर" लिहिलं, त्या दिवशी घोडीचा दोर धरून उभे असलेले मामा मला लिहायला आठवलेसुद्धा नाहीत. आणि आता आठवतंय की लेसनच्या आधी ते म्हणाले होते, "ताई रिकीब बघून घ्या". मी हो हो म्हणून पुढे गेले.

सदाशिवपेठी

बाजूला बसून वाचतोय. घोड्यातलं काही कळत नाही पण तालमीतलं कळतं. वस्ताद एकावेळी दहा जोड्या लढवतो, आणि त्यातल्या दोन जुन्या पोरांना सांगतो तुम्ही बारक्यांना जोर-बैठका शिकवा, मी बघतोय. त्याचे वेगळे पैसे कुणी लावत नाही. तबेलावाल्यांनी प्रायव्हेट लेसन आणि बारक्यांची बॅच शेजारी शेजारी घेतली तर सिनियरचा एक डोळा तिकडे राहील की. का घोड्यांना चालत नाही? (खरंच विचारतोय.)

तबेलावाला

चालतं, अरेना मोठं असेल तर. प्रायव्हेटवाले कुरकुरतात की आम्ही जास्त पैसे भरतो आणि सरांचं लक्ष दुसरीकडे. पण आठवड्यातून एक दिवस करता येईल. बंगळूरला जाणाऱ्यांचं काय ते मात्र कोणी बोललं नाही अजून.

बाणेर_टू_ब्रिस्टल

पगार वाढवा?

तबेलावाला

पौंडात फी येऊ द्या, वाढवतो.

निवृत्त_दफादार

माझं मत बदललेलं नाही, आधी बैठक पक्की मग बाकीचं. पण त्या मोतद्दाराच्या पोराने लिहिलं ते खरं आहे. आमच्याकडे पण पहिला महिना घोड्यावर बसूच दिलं नव्हतं, नुसती लीद काढणे आणि खरारा. तेव्हा कोणाला मेंटॉर म्हणत नव्हतो पण घोडा ओळखायला आम्हाला त्या मोतद्दारानेच शिकवलं. ताई, मी एनडीए रोडला राहतो, रविवारी मोकळा असतो. मालकांची हरकत नसेल तर येऊन उभा राहीन. लेसन चालू असताना एक शब्द बोलणार नाही, हा शब्द माझा.

खोगीरभरती

काका नक्की या! साडेसहाची बॅच आहे. मालकांना विचारलंय, पैसे लागत नाहीत म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. कुंपणापाशी खुर्ची ठेवते. आणि आबा येतील का?

निवृत्त_दफादार

खुर्ची नको. बसून काही दिसत नाही.

मोतद्दाराचा_पोर

आबांना विचारलं. येतो म्हणालेत. विचारतायत घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते का.

खोगीरभरती

येते की. नेहमीच. त्यांना कसं कळलं?

मोतद्दाराचा_पोर

तुम्ही कान मागे म्हणून लिहिलंय ना वर, ते वाचून दाखवलं त्यांना. म्हणाले ओरडल्यामुळे नसतील, पाठ नाहीतर पोट दुखत असेल, रविवारी खोगीर काढून हात फिरवून बघतो.

डॉ_टाप

आबांशी सहमत. आवळताना चावणं म्हणजे बऱ्याचदा दुखणं असतं, अल्सर असू शकतो, खोगीर बसत नसेल. तोपर्यंत तिला बॅचला लावू नका. मीही येतो रविवारी.

खोगीरभरती

तीन वर्षं मी सगळ्या मुलांना सांगतेय की सांभाळा, तिला सवय आहे. उद्यापासून बाहेर नाही काढत तिला.